चटईखाली कोण?

माकेरिता चूल पेटवायला उठली. अंगणात दोन मोठाले ढिगारे दिसले, तेव्हा आधी तिला वाटलं, सुलुच्या चादरी दोरीवरून पडल्या असतील. मग त्यातला एक ढिगारा खोकला.

"अगंबाई!" म्हणत ती हातातली करवंटी तशीच घेऊन आत पळाली. आत म्हणायचं आपलं. आमच्या घराला खांब आहेत, छप्पर आहे, पाऊस आला की सोडायचे झावळ्यांचे पडदे आहेत. भिंत नावाची गोष्ट नाही. घरात कुणी कूस बदलली तरी रस्त्यावरचा माणूस विचारतो, झोप लागत नाही का म्हणून.

"आई, ऊठ! इफोगा आलीय!"

लोसा आजी उठूनच बसली होती. "ओरडू नकोस. ते आलेत हे त्यांनाही माहितीय. चटया कशा आहेत?"

"बारीक विणीच्या. आणि आई, एक तर आपलीच आहे. चर्चच्या नव्या घंटेच्या वेळी दिली होती ती. लाल पिसांच्या काठाची."

"म्हणजे मी वर्षभर डोळे फोडून विणलेली चटई माझ्याच दारात माफी मागायला आणलीय," आजी म्हणाली. "कंजूष मेले."

इफोगा, म्हणजे डोक्यावर चटया पांघरून माफी मागायला बसणारी माणसं, दारात आली की दोनच गोष्टी होऊ शकतात. घराण्याचा कर्ता बाहेर येतो, चटई उचलतो, खाली मान घालून बसलेल्यांना हाताला धरून उठवतो. मग रडारड, मिठ्या, जेवण, आणि जे झालं ते झालंच नव्हतं असं गाव ठरवून टाकतं. नाहीतर कुणीच बाहेर येत नाही आणि ऊन वर चढत राहतं.

मच्छरदाणीतून सुलु बाहेर आली. सुलु ही माकेरिताची मोठी बहीण, ऑकलंडला असते, आणि भाचीवर प्रसंग आला म्हणून विमान पकडून आलीय. विमानात फुकट मिळालेली डोळ्यांवरची काळी पट्टी तिनं कपाळावर सरकवली आणि अंगणाकडे बघितलं.

"आले का? बसू देत. दुपारपर्यंत बसू देत. मी कॅमेरा आणते."

"सुलु, हळू बोल. ऐकतायत ते."

"ऐकायलाच तर बसलेत!"

सुलुला हळू बोलता येत नाही. वीस वर्षं मासळीच्या कारखान्यात यंत्रांवरून ओरडून बोलायची सवय.

माकेरिताची मुलगी फेतू पडद्याशी उभी राहून बघत होती. लांब बाह्यांचा निळा झगा, घट्ट बांधलेला अंबाडा, खांद्याला पिशवी. ती सकाळच्या बसनं शहरात, अपियाला निघाली होती, पोलिसांत.

झालं होतं ते असं. पाळक एसेकियांनी तिला ईस्टरची गाणी निवडायला म्हणून बंगल्यावर बोलावलं, दाराला कडी घातली आणि तिला धरलं. फेतू तेवीस वर्षांची, चर्चचा गायनवृंद तीच शिकवते. गाण्यांचं जाडजूड पुस्तक तिच्या हातात होतं. ते तिनं पाळकांच्या तोंडावर हाणलं आणि खिडकीतून उडी टाकून घरी आली. रविवारी पाळक नाकाला पट्टी लावून प्रवचनाला उभे राहिले. म्हणाले, नीरफणस पडला. सगळी मंडळी "अरेरे" म्हणाली. एकट्या लोसा आजीनं मागच्या बाकावरून मोठ्यानं विचारलं, "आडवा पडला का?"

फेतूला दोनच गोष्टी हव्या होत्या. पोलिसांत तक्रार व्हावी, आणि हा माणूस पुन्हा कुठल्याच चर्चमध्ये प्रवचनाला उभा राहू नये. घरात एकेकट्यानं येऊन सगळ्यांनी तिची बाजू घेतली होती. चारचौघांत कुणीच नाही. आज चटई उचलली गेली की तिला तोंड उघडता येणार नव्हतं. उघडलं तर तिनं घराण्याचा शब्द मोडला असं व्हायचं, आणि पाळक बाजूला राहून तीच गावाची गुन्हेगार व्हायची.

"मामा कुठेय?" तिनं विचारलं.

तोलुआफे हे आमच्या घराण्याच्या कर्त्याचं पद. ते सध्या लोसा आजीच्या मुलाकडे, व्हिलियामुकडे आहे. चटई उचलायची तर त्यानंच. पोलिसांत बरोबर चल म्हणणाऱ्या भाचीला कालच त्यानं सांगितलं होतं, "सकाळी बघू." व्हिलियामुच्या "बघू"वर या घरात पोरं मोठी झालीत, तरी फेतू आशेवर होती.

"पहाटेच गेलेत कुठंतरी," त्याची बायको एसेता म्हणाली. "येतो जरा म्हणाले."

"कुठं ते नाही विचारलंस?"

"बाई गं, विचारून नवरे सांगत असते तर मी इतकी म्हातारी दिसले असते का?"

"पळाला असणार," सुलु म्हणाली. "लहानपणीसुद्धा डुक्कर कापायच्या दिवशी झाडावर चढून बसायचा."

यावर अंगणातल्या डावीकडच्या चटईनं जरा चुळबुळ केली. पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

एसेतानं कोकोचं भांडं चुलीवर ठेवलं. ढवळताना तिच्या डोक्यात हिशेब चालू होता, आणि तो काही दुष्टपणाचा नव्हता. तिच्या थोरल्याला, इओसेफाला, पाळकांच्या कॉलेजात शिकायला जायचं होतं. त्याला गावच्या पाळकाची शिफारस लागते. गावचा पाळक म्हणजे एसेकिया. भाचीवर तिचा जीव होता, पण पोरगा तिच्या पोटचा होता.

"मी काय म्हणते," ती हळूच म्हणाली, "माफी मागायला आलेत ना? मग माफ करून टाकावं. देवाच्या दारचा माणूस आहे. आपणच मोठं मन केलं तर—"

"मोठं मन केलं तर तुझा इओसेफा पाळकांच्या कॉलेजात," सुलु म्हणाली.

"सुलु!"

"खोटंय का? ऑकलंडमध्ये असं चालत नाही, वहिनी. तिथं आमच्या मंडळीत एकानं असाच चाळा केला, तर दुसऱ्या दिवशी त्याला काढला."

"कुठं काढला?" आजीनं विचारलं.

"म्हणजे... सिडनीला पाठवला."

"पाळक म्हणून?"

सुलुनं कपाळावरची पट्टी सारखी केली. "तिथल्या मंडळीला गरज होती."

"निरोपाला डुकरं किती कापली?"

"आई, तू पण ना!"

फेतू पुढं आली. "सुलुमावशी, मामा नाही तर नाही. तू चल माझ्याबरोबर. घरातलं एक मोठं माणूस हवंय फक्त. बस येईल आता."

सुलु पहिल्यांदाच हळू बोलली. "मी आले असते गं राणी. पण परवा माझं विमान. आणि आमच्या मंडळीत मी बायकांच्या मंडळाची अध्यक्ष आहे. हे चर्च आणि ते चर्च एकच ना शेवटी. तिथं कळलं की मी पोलिसांत गेले..."

"कॅमेरा आणणार होतीस ना?"

"तो घरच्यापुरता."

फेतूला हसू आलं. तिनं आईकडे बघितलं. माकेरिता नवरा गेल्यापासून माहेरीच राहते, भावाच्या छपराखाली, आणि भावाच्या आधी कधी बोलत नाही. ती अजूनही हातातली करवंटी पुसत होती. त्या करवंटीत पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

एवढ्यात पिसुपो उठला. पिसुपो म्हणजे आमचा कुत्रा. डबाबंद मटणावर जीव म्हणून त्याचं नाव त्या डब्यावरून ठेवलंय. तो कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. घरच्यांशिवाय कुणापुढं शेपूट हलवत नाही, पाळकांवर तर दात काढतो. तो डुलत डुलत अंगणात गेला, डावीकडच्या चटईला वास घेत एक फेरी मारली, मागच्या बाजूनं बाहेर आलेला एक पाय त्याला सापडला, आणि शेपूट उडवत त्यानं त्या पायाचा अंगठा चाटायला सुरुवात केली.

"अरे हाड!" चटई म्हणाली.

एसेताच्या हातातली पळी थांबली. तो आवाज ती रोज रात्री घोरताना ऐकत होती. तो पायही तिच्या ओळखीचा होता. नख काळं पडलेला अंगठा, गेल्या नाताळात नारळ फोडताना कुऱ्हाड लागलेला.

"आई," ती म्हणाली, "तुमचा मुलगा सापडला."

चटईखाली व्हिलियामुला घाम फुटला होता. एक तर ऊन, त्यात उजवीकडे पंच असोफाचं कोपर बरगडीत, वर आईनं विणलेली चटई. आपण इथं कसे आलो याचा तो पहाटेपासून विचार करत होता, आणि जितका विचार करावा तितकं आपण गाढव आहोत हेच सिद्ध होत होतं.

काल संध्याकाळी चर्चचे पंच जमले. कुणीतरी म्हणालं, इफोगा करू, प्रकरण मिटेल. इफोगा कुणी करायची? गुन्हा करणाऱ्याच्या घराण्यानं. पण पाळक नेहमी परगावचे असतात. त्यांचं घराणं इथं नाही. इथं गाव हेच त्यांचं घराणं, असं वाडवडिलांपासून चालत आलंय. पाळक आला की गाव त्याला बहीण मानतं, आणि बहिणीची अब्रू भावांनी राखायची असते. म्हणून पंचांनी बसायचं. पंचांत मानानं पहिला कोण? तोलुआफे. व्हिलियामु मोठ्या दिमाखानं "हो" म्हणाला. पहिला मान मिळाला की तो "हो" म्हणतोच. पहाटे अंधारात तो पुढं चालत आला, पुढच्या रांगेत बसला, डोक्यावर चटई आली, आणि मग त्याला कळलं की हे अंगण आपलंच आहे.

बरं, आता उठायचं कसं? समोरच्यांनी उठवल्याशिवाय चटईखालून उठणं म्हणजे सात पिढ्यांची शोभा. आणि उठवणार कोण? तर तोलुआफे. म्हणजे तोच.

"असोफा," तो कुजबुजला, "हे काल कुणाच्या लक्षात कसं नाही आलं?"

"माझ्या आलं होतं," म्हातारा असोफा कुजबुजला. "मला वाटलं तू काहीतरी ठरवलं असशील. तू पद असलेला माणूस."

बाहेर एसेताचा आवाज चढला. आता भिंत नसल्याची तिला फिकीर राहिली नव्हती.

"अहो, तुम्ही पाळकांच्या बाजूनं बसलात? आपल्याच दारात? इथं मी रात्रभर मनाला समजावतेय, पोराचं भलं व्हावं म्हणून गप्प बसावं की पोरीची बाजू घ्यावी, आणि तुम्ही मला न सांगता खुशाल मांडी घालून तिकडे! आणि वर तुमच्या नावानं कोको ठेवलाय मी!"

"वहिनी, आत्ता तर माफ करा म्हणत होतीस," सुलु म्हणाली.

"पाळकांना म्हणत होते! याला कोण माफ करतंय?"

"आणि इओसेफाची शिफारस?"

"घालू दे ती चुलीत. बापाचं असं बघून पोरगं पाळक झालं तर त्याच्या मंडळीचं काय होईल ते मला दिसतंय."

एसेतानं पळी आपटली आणि ती येऊन फेतूच्या शेजारी उभी राहिली. फेतूला काही कळेना. पण शेजारी कुणीतरी उभं होतं, एवढं तिला पुरे होतं.

मग लोसा आजी उठली. बायका तिला धरायला धावल्या, तर तिनं त्यांना पंख्यानं बाजूला सारलं. अंगणात जाऊन ती चटईसमोर गवतावर बसली, बाजारात भाजीवालीपुढं बसावं तशी ऐसपैस.

"असोफा," ती म्हणाली.

चटई गप्प. इफोगेत खालच्यांनी बोलायचं नसतं.

"असोफा, तुझी साखर वाढलीय, तू आणखी थोडा वेळ उन्हात बसलास तर तुला उचलून न्यावं लागेल. बोल. मी परवानगी देते."

"बोला, लोसाबाई," चटईतून आवाज आला.

"एसेकिया कुठल्या चटईखाली आहे?"

चटई आतून जरा सरकली. मग असोफा म्हणाला, "ते... बंगल्यावर आहेत. प्रार्थना करतायत. देवाचा माणूस चटईखाली कसा बसेल? ते गावाची बहीण आहेत. बहिणीसाठी भाऊ मान खाली घालतात."

"बहीण," आजी म्हणाली. "मिशावाली."

आत सुलु फिस्सकन हसली. आजी हसली नाही.

"तुमच्या त्या बहिणीचं पुढं काय करणार आहात?"

"सगळं ठरलंय, लोसाबाई. तुम्ही काळजी करू नका. मुख्य कार्यालयाला कळवून त्यांची बदली. लांब, दुसऱ्या टोकाला. मानानं पाठवायचं, गाजावाजा नाही, चर्चची बदनामी नाही. तुमच्या नातीला ते पुन्हा दिसणारसुद्धा नाहीत."

फेतू पडद्याआडून बाहेर आली. ती ओरडली नाही. गाताना चूक झाली की गायनवृंदाला थांबवायची तिची एक पद्धत आहे, त्याच आवाजात तिनं विचारलं, "असोफाकाका, त्या गावात मुली नाहीत का?"

चटईची कड आतून जरा खाली ओढली गेली.

"की तिथल्या मुलींच्या हातात जाड पुस्तक असतं असं तुम्ही विचारून घेतलंय?"

उजवीकडच्या चटईखालून कुणीतरी म्हणालं, "बरोबर बोलतेय पोरगी." दुसरं कुणीतरी म्हणालं, "गप रे, इफोगेत बोलतात का?"

लोसा आजीनं पंखा खाली ठेवला. "मला एक सांगा. गावाची बहीण ती बंगल्यात, पंख्याखाली. तिच्यासाठी पाच भाऊ उन्हात. आणि ही माझी माकेरिता आत बसलीय, तीही कुणाची तरी बहीण आहे. सख्खी. एका आईच्या पोटची. तिच्या पोरीसाठी किती भाऊ बसलेत, ते मला मोजून दाखवा."

व्हिलियामुनं डोळे मिटले. चटईखाली डोळे मिटायची काही गरज नव्हती, तरी मिटले.

आणि तेव्हा माकेरिता बोलली. आतूनच, करवंटी मांडीवर ठेवून, जेवायला ये म्हणावं इतक्या साध्या आवाजात. "दादा, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. भात कमी पडला तरी मागितला नाही. मला वाटायचं, मागायची वेळ आली की तू असशील. मला भीती वाटत होती की तू आज येऊन चटई उचलशील. तू खालीच असशील हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही."

सुलुनं कपाळावरची पट्टी काढून ठेवली.

फेतू चालत गेली आणि डावीकडच्या चटईसमोर उकिडवी बसली. वाकून तिनं चटईच्या काठाशी तोंड नेलं.

"मामा, मी ही चटई उचलणार नाही. उचलली की सगळं मिटलं. तुला बाहेर यायचं असेल तर तूच ये."

"गाव हसेल गं," आतून व्हिलियामु म्हणाला.

"हसेल."

"जन्मभर हसेल."

"हो. मलाही बोलतील. आपण दोघं मिळून ऐकू."

चटई थोडी हलली. मग बरीच हलली. मग मागच्या बाजूनं व्हिलियामु तोलुआफे, पाच फूट अकरा इंच, गुडघ्यांवर सरपटत बाहेर यायला लागला. अर्ध्यात त्याच्या लुंगीचं टोक असोफाच्या गुडघ्याखाली अडकलं.

"असोफा, गुडघा उचल."

"उचलला असता, पण पायाला मुंग्या आल्यात."

"अरे, लोक बघतायत!"

लोक खरोखरच बघत होते. शेजारच्या दोन्ही घरांतली माणसं आपापल्या खांबांना टेकून चहा घेत उभी होती. शेवटी एसेता आली, तिनं एका हातानं असोफाचा गुडघा उचलला, दुसऱ्या हातानं नवऱ्याची लुंगी सोडवली आणि त्याच्या कमरेला घट्ट खोचून दिली. अशी खोचली की त्याचा श्वास अडकला.

व्हिलियामु उभा राहिला. गुडघ्यांवर गवताचे वळ, केसांत काडी. तो घरापर्यंत चालत आला, उंबऱ्याच्या दगडावर चढला, आणि वळून अंगणाकडे तोंड करून उभा राहिला. त्याचं बोलणं सुरू झालं तसं सगळे सरळ झाले, कारण तो घराण्याच्या पदानं बोलत होता, आणि त्याची एक पद्धत असते. आलेल्या प्रत्येकाचा मान राखत नाव घ्यायचं.

"पंच असोफा, तुमचा मान. पंच पेनितोआ, तुमचा मान. पंच लाउमाता, पंच सेफो, तुमचा मान. आणि पंच तोलुआफे—" इथं तो अडखळला. खाली चटईत त्याची जागा अजून खोलगट दिसत होती. त्यानं तिकडेच बघितलं. "पंच तोलुआफे, तुला काही मान नाही. तू इथं यायलाच नको होतंस."

"आता हा कुणाशी बोलतोय?" सुलुनं विचारलं.

"गप्प बस," आजी म्हणाली. "आज पहिल्यांदा बरोबर माणसाशी बोलतोय."

"या घराची पोरगी कुणी धरली, ते सगळ्या गावाला माहितीय," व्हिलियामु म्हणाला. आवाज फाटत होता, पण तो थांबला नाही. "नीरफणस म्हणत आपण सगळे बसलो. मीही बसलो. मी तर पुढच्या बाकावर बसलो होतो. ज्यानं केलं तो चटईखाली नाही. मग ही माफी कुणाची? आम्ही ती घेत नाही. चटई उचलणार नाही. आणि बदलीबिदली काही नाही. या माणसाला पाळकपदावरून काढा, मुख्य कार्यालयाला खरं काय ते सांगा, नाहीतर मी स्वतः प्रत्येक गावच्या चर्चसमोर उभा राहून सांगेन. बोललो."

 मग चटईतून असोफानं विचारलं, "मग आम्ही काय करायचं?"

"बसा," लोसा आजी म्हणाली. "एसेकियाला निरोप पाठवते, की तुझी जागा धरून ठेवलीय. तो येऊन बसला की तुम्ही उठा."

"आणि नाही आला तर?"

"तर मग तुम्हाला कळेल की तुम्ही कुणासाठी बसला होतात. एसेता, असोफाला कोको दे. बिनसाखरेचा."

दुरून बसचा भोंगा वाजला. व्हिलियामु उंबऱ्यावरून खाली उतरला. बहिणीसमोर जाऊन उभा राहिला आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. मोठं माणूस रडायच्या बेतात असलं की दिसतं तसं.

"माकेरिता, मला..."

"ते नंतर," माकेरिता म्हणाली. तिनं करवंटी खाली ठेवली आणि पायांत चपला सरकवल्या. "बस चुकेल. मी पण येतेय."

आमच्याकडच्या बसला लाकडी बाकं असतात, आणि जागा नसली की दुसऱ्याच्या मांडीवर बसायचं असतं. त्यात कुणाला काही वाटत नाही. आज बस गच्च होती, बाजाराचा दिवस. टोपल्या, कोंबड्या, अळूच्या जुड्या. व्हिलियामुनं माकेरिताला दाराजवळच्या एका म्हातारीच्या मांडीवर बसवलं आणि स्वतः दांडीला धरून उभा राहिला.

"तोलुआफे!" ड्रायव्हरनं आरशातून विचारलं. "कुठं स्वारी?"

हा प्रश्न आमच्याकडे दर वळणावर विचारतात. उत्तर एकच असतं, "असंच." व्हिलियामुनं जन्मभर तेच दिलं होतं. तो आताही "अ" म्हणाला. मग त्यानं फेतूकडे बघितलं. फेतू पिशवी छातीशी धरून खिडकीबाहेर बघत होती.

"पोलिसांत," व्हिलियामु म्हणाला. मोठ्यानं. "आमच्या पाळकानं, एसेकियानं, माझ्या भाचीला खोलीत कोंडून धरलं. ती तक्रार द्यायला निघालीय, आणि मी तिचा मामा आहे."

ड्रायव्हरनं गाणं बंद केलं.  फेतूनं डोळे मिटून घेतले. आता काय ऐकावं लागेल, याची तिनं रात्रभर तयारी केली होती.

मागच्या बाकावर एक बाई होती. पस्तिशीची असेल, आमच्या गावची नव्हे, मांडीवर पपयांची मोठी टोपली. तिनं टोपली उचलून शेजारच्या अनोळखी माणसाच्या मांडीवर ठेवली.

"एसेकिया?" ती म्हणाली. "उंच, उजव्या हाताला घड्याळ बांधतात ते?"

"तेच," व्हिलियामु म्हणाला.

"आमच्याकडे होते आधी. मी शाळेत होते तेव्हा. निरोपाचा समारंभ केवढा झाला! मला पुष्पहार घालायला लावला त्यांना." ती फेतूकडे वळली. "मी घरी सांगितलं होतं. माझ्याबरोबर कुणी बसमध्ये बसलं नाही."

तिनं मोकळी झालेली मांडी हातानं झटकली आणि फेतूकडे हात पुढं केला. "इकडे ये. बस. पोलिसांपाशी मीही उतरते."

फेतू दाटीतून वाट काढत मागं गेली, त्या अनोळखी बाईच्या मांडीवर बसली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणानं रडायला लागली. बाईनं तिच्या कमरेभोवती हात घट्ट धरला, खड्डे होते म्हणून.